चूळभर पाणी

“चूळ भरली की बोलायचं न्हाई, मागं वळायचं न्हाई, आन् घोटभर सुदिक गिळायचं न्हाई. उंबऱ्यापातुर मुक्यानं यायचं. ध्यानात ठेव, सरू.”

झुंबरमावशीचं हे सांगणं सरूच्या कानात घुमत होतं आणि तिचे दोन्ही गाल पाण्यानं टम्म फुगले होते. गौरी उद्या यायच्या होत्या. आज नुसती तालीम. घरच्या घागरीतलं पाणी तोंडात धरून ती पायवाटेनं तळ्याकडे चालली होती, आणि तिचा मावसभाऊ गेणू तिच्यापुढे उलटा चालत माकडासारखी तोंडं करत होता.

“हसली, हसली. खुर्शीदा, बग, तिचं नाक हसतंय,” गेणू म्हणाला.

“नाक कसं हसेल रे? तू पुढे बघून चाल, नाहीतर शेणात पडशील,” मागून खुर्शीदा म्हणाली.

गेणू शेणात पडला नाही, पण पाय मात्र बरोब्बर शेणातच पडला. सरूनं डोळे मिटून घेतले आणि कसंबसं पाणी सांभाळलं. तिच्या पदराला, म्हणजे परकराच्या ओच्याला, धरून चाललेली सहा वर्षांची लीला मात्र खुदकन हसली आणि तिच्या तोंडातली अर्धी चूळ बाहेर सांडली. उरलेली अर्धी गटकन पोटात गेली.

“गिळलंस ना? मागल्या साली बी गिळलंस,” गेणू बहिणीला म्हणाला.

“गोड लागतंया,” लीला म्हणाली.

ही वाडी होती वलवणच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या पोटात. उणीपुरी वीस घरं. मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. सरू आणि खुर्शीदा दोघी लोणावळ्याच्या रेल्वेच्या चाळीत शेजारी राहायच्या. सुट्टी लागली की सरू मावशीकडे यायची, आणि खुर्शीदा वाडीच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या नानीकडे, रोशनबीकडे.

वाडीत गौर आणायची रीत निराळी होती. आसरांच्या, म्हणजे पाण्यातल्या देवींच्या, तळ्यावर जायचं. काठची तेरड्याची रोपं मुळासकट घ्यायची, पाण्यातले पाच खडे घ्यायचे, तळ्याच्या पाण्याची चूळ भरायची आणि मुक्यानं घरी येऊन ती चूळ तेरड्याच्या मुळाशी सोडायची. ज्या पाण्यात गौर वाढली, ते पाणी तिच्याबरोबर घरी आलं पाहिजे, आणि तेही भांड्यातून नाही, माणसाच्या तोंडातून. मावशी लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी हे करत आली होती. एकदाही चुकली नव्हती. पण यंदा हिवतापानं तिला पार झोपवलं होतं. काल संध्याकाळी कांबळ्याखाली थडथडत तिनं सरूचा हात धरला होता.

“माझ्या घरची गौर तू आणशील न्हवं?”

“आणीन, मावशी. सगळं तू सांगतेस तसंच करीन,” सरूनं शब्द दिला होता.

म्हणून तर ही तालीम.

तळं आलं. काठावरच्या दगडावर उभी राहून सरूनं सहज खाली पाहिलं, आणि तिच्या तोंडातलं पाणी एकदम बाहेर आलं.

“हात्तेच्या. मोडलास नेम,” गेणू म्हणाला.

“गेणू, इकडे ये. हे बघ.”

तळ्याच्या कडेला, जिथं पाणी वीतभर खोल होतं, तिथं बेडूकमासे गोल गोल फिरत होते. शेपटीचे काळे ठिपके. एरवी माणसाची सावली पडली की सुर्रकन शेवाळात पळणारे. आज एकही पळाला नाही. एक जण जागच्या जागी गिरक्या घेत होता, दोरी सुटलेल्या भोवऱ्यासारखा. दुसरा झटका बसावा तसा वाकडा होई, सरळ होई, पुन्हा वाकडा होई. आणि काठाच्या चिखलापाशी पांढरी पोटं वर करून कितीतरी निपचित पडले होते. शेकड्यांनी.

लीलानं सरूचा परकर दोन्ही हातांनी धरला.

“आपण आलो तेव्हा किती ओरडत होते बेडूक,” खुर्शीदा हळूच म्हणाली. “आता ऐका बरं.”

सगळ्यांनी कान दिले. पाच दिवस पावसानं उघडीप दिली होती. भातखाचरातून वाऱ्याची सळसळ येत होती. दूर कुठंतरी घाटात इंजिनाची शिट्टी झाली. पण तळं मुकं होतं. एक डराव नाही, की पाण्यात उडी मारल्याचा एक चुबूक आवाज नाही.

पलीकडून अंबाजी आबा म्हैस घेऊन आले. वाडीतले सगळ्यात वयस्कर. गौरीचा मान, देवाचा कौल, भांडणाचा निवाडा, सगळं त्यांच्याकडे. म्हैस तहानेली होती, भराभर पाण्याकडे गेली. तिनं तोंड खाली घातलं, नाक फेंदारलं आणि मागे सरली. आबांनी पाठीवर थाप मारली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा म्हैस वळून चालायलाच लागली.

आबांनी पाण्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात जोडले.

“आसरा कोपल्या,” ते म्हणाले. “कुणीतरी त्यांच्या पाण्याची आगळीक केलीया. पोरांनो, घरला जावा. हितं थांबू नगा.”

आगळीक कोणी केली ते सरूला ठाऊक होतं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आल्या आल्या तिनं याच तळ्यातून एकोणीस बेडूकमासे धरले होते. शाळेत बाईंना दाखवायला म्हणून. लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत, तळ्याचंच पाणी घालून, तिनं ते मावशीच्या परसात जास्वंदीखाली ठेवले होते. विचारायचं कुणाला, ते काय कुणाच्या मालकीचे होते? आता कळलं, कुणाच्या होते ते.

घरी आल्यावर जास्वंदीपाशी बसून सरूनं सगळं सांगून टाकलं.

“मी त्यांची पोरं चोरली. म्हणून त्यांनी असं केलं.”

“आसरा एवढ्याशा गोष्टीला रागावतात?” खुर्शीदानं विचारलं.

“तुजी पोरं कुणी बरणीत घातली तर तू काय करशील?” गेणू म्हणाला. पण त्याच्याही आवाजात आज गंमत नव्हती.

“परत नेऊन सोडते,” सरू म्हणाली. “हळदकुंकू वाहते, माफी मागते. आत्ताच्या आत्ता.”

बरणीतले बेडूकमासे टुणटुणीत होते. खुर्शीदा बरणी डोळ्यांपुढे धरून बघत राहिली. “यांतले दोन मला दे. नानीला दाखवते आणि संध्याकाळी मीच नेऊन सोडते.” तिनं दोन बेडूकमासे त्याच पाण्यासकट एका वाटीत घेतले.

लीलाला घरी ठेवून तिघं पुन्हा तळ्यावर गेली, खुर्शीदा वाटी सांभाळत. काठच्या दगडावर सरूनं हळदकुंकू वाहिलं. हात जोडले. मग बरणी हलकेच पाण्यात कलती केली. सतरा काळे ठिपके एकामागून एक बाहेर पडले आणि शेपट्या हलवत पसरले.

“चुकले मी. पुन्हा नाही करणार,” ती पुटपुटली.

तिला वाटलं, आता तळं शांत होईल. तिघं जरा वर, करवंदीच्या जाळीपाशी जाऊन बसली. गेणूनं खिशातून भाजलेलं कणीस काढलं, तिघांत वाटलं. तासाभरानं सरूला राहवेना. ती उठून खाली गेली.

सतरांतले सहा गिरक्या घेत होते.

ती गुडघ्यांवर बसली. मोजत राहिली. सात. नऊ. एकानं वाकडं होऊन झटका दिला आणि त्याचं पांढरं पोट वर आलं. काही वेळापूर्वी हेच तिच्या बरणीत किती मजेत शेवाळ खात होते. तिनं हात घालून एकाला बाहेर काढायचा प्रयत्न केला, पण तो तिच्या तळव्यावर एकदा थरथरला आणि थांबला.

खुर्शीदा तिच्याजवळ येऊन बसली. तिनं वाटी पुढं केली. वाटीतले दोघं मजेत फिरत होते.

“हे त्यांचेच भाऊ. याच तळ्याचे. मग हे कसे बरे?” ती म्हणाली.

सरूनं डोळे पुसले. वाटीकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं. तिच्या मनात भीती तशीच होती, पण भीतीच्या मागून दुसरं काहीतरी पुढं आलं.

“आसरांना मी त्यांची पोरं परत दिली,” ती सावकाश म्हणाली. “त्या माझ्यावर रागावतील. मला ताप आणतील. पण आपलीच पोरं परत आल्यावर कुठली आई त्यांना मारील? गेणू, हे आसरांनी नाही केलेलं. हे माणसानं केलंय.”

“म्हंजी?”

“म्हणजे पाण्यात काहीतरी आहे. माझ्या बरणीतलं पाणी तीन दिवसांपूर्वीचं.”

मग त्यांनी नाकानं शोध घेतला. खरं तर गेणूच्या नाकानं. त्याचं नाक वाडीत प्रसिद्ध होतं, कुणाच्या घरी पुरणपोळी आहे ते त्याला दोन शेतं पलीकडून कळायचं. पाण्याशी वाकून तो म्हणाला, “घासलेट.” आणि खरंच, शेवाळाच्या कडेला मोराच्या पिसासारखे रंग तरंगत होते. ते रंग धरून तिघं काठाकाठानं वरच्या बाजूला गेली. तिथं मुंबईच्या शेटजींच्या बंगल्याचं कुंपण तळ्याला भिडलं होतं. कुंपणाच्या अलीकडे घाणेरीच्या झुडपात एक मोठा पत्र्याचा डबा उपडा पडला होता. खाकी रंगाचा, झाकण उडालेला. तळाशी थोडी पांढरी भुकटी. वर कागद चिकटवलेला, आणि कागदावर कवटी.

“मडं,” गेणू दोन पावलं मागं सरला.

“चित्र आहे नुसतं,” खुर्शीदा म्हणाली, पण तिनंही डबा काठीनंच सरळ केला. ती यंदा इंग्रजी दुसरीत होती. कागदावर बोट न टेकवता ती एकेक अक्षर लावू लागली. “डी... डी... टी. हे नाव असेल. हे ‘डू नॉट’. म्हणजे करू नका. मधलं येत नाही. हे ‘वॉटर’, पाणी. आणि हे... एफ, आय, एस, एच. फिश. मासे.”

“करू नका, पाणी, मासे,” सरू म्हणाली.

“अर्थ लागला की,” गेणू कुजबुजला.

कागद दमट होऊन सुटतच आला होता. खुर्शीदानं काडीनं तो अलगद सोडवला, केळीच्या पानात गुंडाळला आणि ओढणीच्या टोकाला बांधला. तेवढ्यात कुंपणाचं फाटक करकरलं.

“काय रे, इथं काय चाललंय?”

बंगल्याचा कारभारी दत्तोबा होता. अंगात कोट, डोक्याला काळी टोपी, हातात छडी. लढाईत तो पलटणीच्या कोठारावर कामाला होता आणि पलटण गेल्यावर तिथलं पुष्कळ सामान स्वस्तात त्याच्याकडे आलं होतं.

“दत्तोबाभाऊ, हे औषध तळ्यात टाकलंय का?” सरूनं विचारलं.

“टाकलंय तर. डासांसाठी. परवा शेटजींची मंडळी येणार, त्यांना हिवताप झाला तर?” तो हसला. “घाबरता काय? हे औषध सोजिरांच्या सदऱ्यात फवारायचे. मी स्वतः हातानं घासलेटात कालवलंय. झालं का मला काही? साखर आहे साखर.”

“उद्या आम्ही गौरीची चूळ भरणार या पाण्याची,” सरू म्हणाली.

दत्तोबाचं हसू जरा थांबलं. मग त्यानं छडीनं डबा आपल्याकडे ओढला. “भरा की. आणि हे बघा, उगीच वाडीभर बोभाटा करू नका. गेण्या, हे औषध तळ्यात ओतलं कोणी, माहीत आहे? तुझ्या बानं. विचार जा त्याला.”

गेणूचा चेहरा पडला. त्याचे वडील कोंडाजी बंगल्याच्या बागेत माळी होते.

रोशनबीच्या घराशी खुर्शीदा थांबली. तिच्या घरामागेच वाडीचा पिण्याचा झरा होता. तिथं कातळाच्या कपारीत एक बेडूक एकटाच डराव डराव करत होता. सरूला वाटलं, तिथंच बसून राहावं.

कोंडाजीकाका ओसरीवर विळा पाजळत होते. गेणू सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“बा, तळ्यात औषद तुमी वतलं?”

काकांचा हात थांबला. “व्हय. का?”

सरूनं सगळं सांगितलं. काका ऐकत राहिले. मग ते आत, मावशीच्या कांबळ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, “कारभारी म्हनला, डास मरत्याल, हिवताप जाईल. मला वाटलं, हिला बरं वाटंल. त्यो म्हनला, सगळा डबा वत. मी वतला. मला कुटं वाचता येतंय?”

“आबांना सांगा ना, काका.”

“सांगून? उंद्या त्यो मला कामावरनं काडंल. हिच्या औषदाला कुटनं आनू?” ते उठले. “न्हाई म्हनत न्हाई मी. बगू. इचार करू दे.”

आतून मावशीनं हाक मारली. सरू जाऊन बसली. मावशीचा हात चुलीतल्या निखाऱ्यासारखा तापला होता.

“तालीम झाली?”

“झाली.”

“गौर चुकवू नगंस, बाय. माजा नेम हाय. आतापातुर कदी मोडला न्हाई.”

“नाही मोडणार,” सरू म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पण तिला दिसत होतं लीलाचं तोंड: पाण्यानं फुगलेलं, खुदकन हसणारं, आणि मग गटकन. बाहेर अंधार पडत होता. एरवी याच वेळेला तळ्याकडून असा कल्लोळ उठायचा की बोललेलं ऐकू येऊ नये. आज तिकडून काहीच येत नव्हतं. देवाजवळच्या दिव्यापुढे हात जोडून सरू म्हणाली, “तूच वाट दाखव.” आणि खूप वेळानं तिला झोप लागली.

सकाळी ती आणि गेणू अंबाजी आबांकडे गेले. पण आबा पूजेचं सामान आणायला वलवणला गेले होते. ते परतले ते थेट तळ्यावरच.

दुपार कलली. ताशा कडकडला. नव्या लुगड्यांतल्या बायका, ताटं, तांबे, निरांजनं, पुढं पोरीसोरी, अशी सगळी वाडी तळ्यावर आली. आणि सरू पाहतच राहिली.

तळं स्वच्छ होतं. एकही मेलेला बेडूकमासा नाही. काठचा चिखल झाडून काढल्यासारखा. पाणी आरशासारखं.

“आबा म्हनत होतं आसरा कोपल्या,” एक बाई म्हणाली. “कुटं काय? कसं नितळ दिसतंया.”

“कारभाऱ्यानं माज्या बाकडून साफ करून घेतलं सकाळी,” गेणू सरूच्या कानाशी म्हणाला. “टोपलीनं उपसलं. बा लय गप हाय सकाळपासनं.”

मेलेल्यांचं तळं भयाण होतं. हे त्याहून भयाण होतं. पाण्यावर साधी पाणनिवळी फिरत नव्हती. आणि आता कोणाला काय दाखवायचं?

दत्तोबाही आला होता, हसतमुखानं, बायकांना वाट करून देत. “या, या. तळं कसं लख्ख करून दिलंय बघा गौरीसाठी.”

तेरडा उपटून झाला. खडे वेचून झाले. बायका ओंजळी पुढे करून वाकल्या. लीलानं तर सगळ्यांच्या आधी इवलीशी ओंजळ भरून ओठांशी नेलीसुद्धा.

सरूनं तिच्या हातावर फटका मारला. पाणी उडालं. लीलानं भोकाड पसरलं.

“अगं, गौरीच्या दिवशी लेकराला मारतीस?” बायका ओरडल्या.

“थांबा,” सरू म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. “कोणी चूळ भरू नका. घटकाभर थांबा.” तिनं मावशीचा पितळेचा तांब्या तळ्यात बुडवून भरला, दोन्ही हातांत धरला आणि सगळ्यांच्या देखत दत्तोबापुढे गेली.

“दत्तोबाभाऊ, तळं तुम्ही साफ केलंत. मग आज पहिली चूळ तुमची.”

“माझी? अगं, हा बायकांचा मान.”

“नुसती भरा. गिळू नका,” सरू म्हणाली. “काल म्हणालात ना, साखर आहे साखर.”

“गोड चीज कारभारी सोडत न्हाईत,” गेणू म्हणाला. दोन-चार जण हसले. दत्तोबाही हसला. त्यानं तांब्या घेतला, तोंडाजवळ नेला. सगळी वाडी बघत होती. त्याच्या नाकपुड्या हलल्या. तांब्या तिथंच राहिला.

“मला... सर्दी झालीय,” तो म्हणाला.

आता कोणी हसलं नाही.

अंबाजी आबा पुढं झाले. “दत्तोबा, चूळ भरायला सर्दी कुटं आड येती?”

तेवढ्यात गर्दीतून कोंडाजीकाका आले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी दत्तोबाच्या हातातून तांब्या काढून घेतला.

“ह्या पान्यात औषद म्या वतलं,” ते सगळ्यांना म्हणाले. “माज्या हातानं. माझी लीला ह्येच पानी गिळनार व्हती. तवा आदी म्या पितो. काय व्हायचं ते मला हूं दे.” आणि त्यांनी तांब्या तोंडाला लावला.

“कोंडाजी, नको!”

दत्तोबा ओरडला होता. त्यानं झडप घालून तांब्या उडवला. तांब्या दगडावर आपटून गडगडत गेला आणि पाणी सगळ्यांच्या पायांवर उडालं. बायका मागं सरल्या. दत्तोबा धापा टाकत कोंडाजीकाकांचा हात धरून उभा होता, आणि आपण काय बोलून बसलो ते त्याला तेव्हा कळलं.

खुर्शीदा पुढं आली. ओढणीची गाठ सोडून तिनं केळीचं पान उलगडलं आणि कवटीचा कागद आबांच्या हातात दिला. “यावर ‘करू नका’ आहे, आबा. ‘पाणी’ आहे. ‘मासे’ आहे. मधलं मला वाचता येत नाही.” तिनं दत्तोबाकडे पाहिलं. “त्यांना येतं.”

दत्तोबानं टोपी काढली. “पिण्याच्या पाण्यात किंवा मासे असतील त्या पाण्यात टाकू नये, असं आहे,” तो खाली बघत म्हणाला. “साचल्या डबक्यात दोन चमचे पुरे, असंही आहे. मला वाटलं, जास्त टाकलं तर जास्त दिवस डास होणार नाहीत. खरं सांगतो आबा, माणसाला काही होईल असं मनातसुद्धा नव्हतं.”

“मनात नव्हतं, तर सकाळी मढी का उपसलीस?” आबांनी विचारलं.



आबांनी निवाडा दिला. तळ्याचं पाणी जिथून खाली खाचरांत उतरायचं, तो सांडवा माती-दगडांनी आत्ताच बुजवायचा. पाऊस धुऊन काढीपर्यंत गुरं या वाटेला येऊ द्यायची नाहीत, आणि राखणीला दत्तोबानं बसायचं. औषधाची उरलेली भुकटी डब्यासकट खुर्शीदाच्या वडिलांकडे, रेल्वेच्या दवाखान्यातल्या अल्लाउद्दीन कंपाउंडरकडे, पोचवायची.

“आन् कोंडाजीचं काम जाता कामा नये,” आबा म्हणाले. “तू सांगितलंस, त्यानं केलं. आज त्यानं खरं सांगितलं.”

दत्तोबानं मान हलवली.

मग आबा सरूकडे वळले. “मी म्हातारा, हात जोडून घरला गेलो. तू बी हात जोडलंस, पर डोळं उगडं ठेवून. आसरांची लेकरं तुमी तिघांनी राखलीसा, पोरांनो.” त्यांनी तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवला. गेणूच्या डोक्यावरचा हात जरा जास्त वेळ राहिला.

पण सरूचे डोळे भरून आले होते. दिवस कलत होता. मावशी दाराकडे डोळे लावून पडली असेल.

“आबा, गौर कशी आणू? मी शब्द दिलाय. तळ्याची चूळ पाहिजे.”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. गौर आजवर याच तळ्यातून आलेली. सांडव्यावर माती पडल्याचा धपधप आवाज तेवढा येत होता.

तेव्हा रडून रडून लाल झालेली लीला म्हणाली, “बेडूक तितं ओरडतंय.”

सगळ्यांनी कान दिले. वाडीच्या दुसऱ्या टोकाकडून, बारीक पण स्पष्ट, डराव डराव ऐकू येत होतं.

आबा सावकाश म्हणाले, “जितं पानी जितं हाय, तितंच आसरा असनार. चला.”

रोशनबी झऱ्याच्या पायऱ्या झाडून उभी होती. कोणी तिला सांगितलं ते कळलं नाही. पण कातळावर पाणी शिंपडलेलं होतं आणि काठाला तिच्या परसातला तेरडा फुलला होता. “घ्या बायांनो,” ती म्हणाली. “गौर काय तुमच्याच वाटंनं येती व्हय? माज्या दारावरनं बी येऊ द्या की यंदा.”

खुर्शीदानं घरातून वाटी आणली. तिनं ती सरूच्या हातात दिली. सरूनं ती झऱ्याच्या कुंडात हलकेच कलती केली. दोन काळे ठिपके बाहेर आले, क्षणभर थबकले. सरूनं श्वास रोखला. मग दोघांनीही शेपट्या हलवल्या आणि सुर्रकन कपारीच्या सावलीत पळाले.

सरूनं कुंडातले पाच खडे उचलले. काठच्या तेरड्याची जुडी मुळासकट उपटून छातीशी धरली. लीला तिच्याशेजारी वाकली, ओंजळ भरली, आणि ओठांशी नेण्याआधी तिनं सरूकडे वर पाहिलं. सरूनं मान हलवली.

दोघींनी चूळ भरली. पाणी थंडगार होतं.

ताशा वाजला नाही. आबांनी हातानंच थांबवला. गेणू वाटेतून बाजूला झाला, आणि त्यानं एकही तोंड केलं नाही. सरू चालू लागली. मागून, अगदी टाचेपाशी वाटावा इतक्या जवळून, कपारीतला बेडूक ओरडला, आणि त्याला दुसऱ्या कोणीतरी उत्तर दिलं. वळून बघावं असं तिला फार फार वाटलं.

ती वळली नाही. लीलाचं बोट धरून, गाल फुगवून, मुक्यानं, ती मावशीच्या उंबऱ्याकडे चालत राहिली.